चाळिसावा नियम

२ मे

प्रिय मामा,

हातानं लिहिलेलं पत्र बघून हसू नका. ग्रंथालयात असताना तुम्हीच लिहून ठेवलंय की फायरवॉलमधली कुठलीही नोंद ईमेलनं बाहेर पाठवायची नाही. तुम्ही निवृत्त झालात म्हणून तुमचा नियम मोडावा असं मला वाटत नाही. तेव्हा टपाल.

काम असं आहे. आपल्या इमारतीचं सगळं वायरिंग बदलणार आहेत. १५ जूनच्या सोमवारपासून सहा दिवस वीज नाही. संचालक बाईंनी तर 'अंध वाचकांसाठीची बोलकी पुस्तके सहा दिवस बंद राहतील' अशी सूचना टाइपही करून ठेवली होती. मी म्हटलं, "थांबा, बंद ठेवायची गरज नाही." म्हटलं आणि मग जागेवर येऊन विचार करत बसले, की हे नक्की बोललं कोण?

बोलायचं कारण मात्र मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी पुस्तकं ऐकवणारं आपलं मशीन दोन दिवस बंद पडलं होतं, ते मी तुम्हाला कळवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. तुमच्या वेळेपासूनच्या काकू, नव्या ध्वनिमुद्रणातल्या चुका घरून ऐकून काढणाऱ्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "दोन दिवस घरात कोणी बोललंच नाही गं." त्या रात्री डायरीत मी ते एकच वाक्य लिहिलं.

म्हणून या वेळी बाईंना लेखी दिलंय, की एकही ऐकणारा तुटणार नाही. खाली सही. आयुष्यात पहिल्यांदा 'बहुधा' हा शब्द न घालता मी सही केली आहे आणि तेव्हापासून जेवण जात नाहीये.

बेत असा. आपल्या एका मशीनवर चार व्हर्च्युअल सर्व्हर आहेत. त्यांची जिवंत प्रत दुसऱ्या गावातल्या आपल्या जोडसंस्थेच्या मशीनवर ठेवायची, दर पाच मिनिटांनी बदल तिकडे पोचवायचे आणि सोमवारी सकाळी इकडचे बंद करून तिकडचे सुरू करायचे. त्यासाठी दोन्हीकडच्या फायरवॉलमध्ये नेमकी दारं उघडावी लागतील. म्हणून कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, हे ठरवणारे आपल्या फायरवॉलचे सगळे ६१ नियम मी वाचायला घेतले.

मामा, ही काय शेरेबाजी आहे? नियम १२ : 'आत्याबाई'. नियम २७ : 'हा नसेल तर बोंबाबोंब'. नियम ४० : 'पाहुणा. दोन दिवसांसाठी'. त्यावरची तारीख अकरा वर्षांपूर्वीची आहे! कोण आहेत हे लोक?

तुमची,
भाची


९ मे

चि. शंकासुरास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझी मामी म्हणाली, "पोरगी चाळिशी ओलांडून गेली तरी अक्षर तिसरीतलंच." मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, चौथीतलं.

माझं विचारशील तर मी पोहायला शिकतोय. अडुसष्टाव्या वर्षी! मामी माझ्या आधी शिकली. ती आता तलावाच्या मध्यापर्यंत जाते आणि तिथून मला हाका मारते. मी कडेचा दांडा धरून पाय मारण्यात प्रगती केली आहे. शिक्षक म्हणतात, "आजोबा, दांडा सोडा." मी म्हणतो, आधी दांड्याला विचारा.

आता कामाचं. बेत उत्तम आहे. आपल्या मशीनकडून त्यांच्या मशीनकडे, ठरलेल्या एकाच पोर्टवर, ओळख पटवून, एवढंच दार उघड. घाई झाली की माणूस 'कोणीही, कुठेही, कसंही' असा नियम घालतो आणि नंतर काढू म्हणतो. तू घालणार नाहीस हे माहीत आहे, तरी मोठेपणानं सांगितलं. परतीची वाटही आत्ताच उघडून ठेव. सहा दिवसांत तिकडे जे जमेल ते सातव्या दिवशी घरी आणायचंय. जायची वाट सगळे करतात, यायची विसरतात.

आत्याबाई म्हणजे वेळ सांगणारा सर्व्हर. सगळ्यांची घड्याळं एका सेकंदात आणतो आणि जो मागे राहील त्याला बोल लावतो. माझी सख्खी आत्या तशीच होती, ती घरी आली की आमच्या वडिलांचंही घड्याळ पुढे व्हायचं. २७ म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा. तो बंद पडला की सगळं चालू असून काहीच सापडत नाही. मग होते ती बोंबाबोंब, मी स्वतः अनुभवली आहे, तीही संचालक पाहुणे घेऊन आले होते त्या दिवशी.

चाळीस काढून टाक. मला चांगला आठवतो.

जेवत जा.

मामा


२१ मे

प्रिय मामा,

जेवते आहे. पण आज जे झालं ते आधी सांगते.

गेले दहा दिवस मी जोडसंस्थेच्या तळघरात आहे. पहिली पूर्ण प्रत यायला साडेचार दिवस लागले. मी एक एक दार मोजून उघडलं. इकडून तिकडे एक, तिकडून इकडे एक, आत्याबाईंना एक, सत्तावीसला एक. बाकी सगळं बंद. पडद्यावर चारही सर्व्हरांपुढे हिरव्या खुणा आल्या. आज दुपारी तासाभराची रंगीत तालीम ठेवली. इकडचे बंद केले, तिकडचे चालू केले. दोन मिनिटं अकरा सेकंद. मी तिथल्या खुर्चीत बसून हेडफोन कानाला लावला आणि एका प्रवासवर्णनाचं पहिलं प्रकरण स्वच्छ ऐकू आलं. मामा, मी तळघरात एकटी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात तिथला फोन वाजला. काकू.

"तुझी तालीम सुरू झाली का गं?"

"झाली की! कसं वाटतंय?"

"शांत वाटतंय. अगदी शांत."

मी तिथल्या फायरवॉलची यादी उघडली. मी प्रत येण्यासाठी दारं उघडली होती आणि मी स्वतः आत बसून ऐकत होते. पण बाहेरून येणाऱ्या ऐकणाऱ्यांसाठी त्या फायरवॉलमध्ये एकही दार नव्हतं. सर्व्हरांची प्रत झाली, तुमच्या नियमांची झालीच नाही. ते आपल्या भिंतीत आहेत, त्यांच्या भिंतीत आपोआप कसे येतील? सगळ्या जगापासून मी पुस्तकं इतकी नीट राखली की ती कोणालाच ऐकू येईनात. 'एकही ऐकणारा तुटणार नाही' असं लिहून देणाऱ्या बाईनं सगळेच्या सगळे तोडले.

काकूंना हे सांगितलं, तर त्या हसत सुटल्या. "अगं, म्हणून तर तालीम म्हणतात. रडतेस काय?" मी रडत नव्हते. बहुधा.

आता तुमचे नियम एक एक करून तिकडच्या फायरवॉलमध्ये नेते आहे. ज्यांचा ऐकणाऱ्यांशी संबंध तेवढेच. चौदा झाले. चाळिसाव्याची वापराची मोजणी गेले तीन आठवडे शून्यच आहे. तुम्ही म्हणालात त्याप्रमाणे काढला.

तुमची,
भाची


२७ मे

चि. शंकासुरास,

तुझं पत्र मी मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'शांत वाटतंय' पाशी आम्ही दोघं इतके हसलो की शेजारीण काय झालं ते विचारायला आली. तिला फायरवॉल समजावून सांगता सांगता चहा झाला, आणि शेवटी ती म्हणाली, "म्हणजे आमच्या सोसायटीचा रखवालदारच की. चोराला विचारत नाही, माझ्या जावयाला अर्धा तास उभा करतो." अगदी बरोबर. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीचं याहून चांगलं वर्णन कोणी केलेलं नाही.

चूक तालमीत झाली, काकूंनी पकडली, तू दुरुस्त केलीस. याला काम करणं म्हणतात. आणखी एक तालीम घे. त्या वेळी स्वतः आत बसून ऐकू नकोस. रस्त्यावर जा आणि बाहेरून ऐक.

मी दांडा एका हातानं सोडला आहे.

मामा

(पाकीट बंद करायच्या आधी मी, मामी. बाई गं, यांच्या शब्दावर फार विसंबू नकोस. परवा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. विचारलं तर म्हणाले, "मुद्दाम ठेवला होता." मी लिहिलंय ते सांगू नकोस.)


८ जून

प्रिय मामा,

दुसरी तालीम झाली. मी समोरच्या रस्त्यावर, बंद दुकानाच्या पायरीवर बसून बाहेरून ऐकलं. काकूंनी त्यांच्या घरून ऐकलं. बाईंनी त्यांच्या बहिणीकडून ऐकलं आणि 'निवेदक जरा घाईत वाचतो' असा शेरा दिला. यापेक्षा मोठी पावती नाही. परतीची वाटही तपासली. तिकडे काकूंनी एका पुस्तकात तीन चुका नोंदवल्या होत्या, त्या तिन्ही घरी परत आल्या.

शनिवारी तळघरात मुक्कामाला जाते. सोमवारी सकाळी आठला बदल.

मामा, एक विचारू? निव्वळ उत्सुकता म्हणून. चाळीस नंबरचा पाहुणा नक्की कोण होता?

भाची


१३ जून, शनिवार

चि. भाचीस,

आज थट्टा नाही. हे पत्र जलद टपालानं टाकतोय. तुला चार वेळा फोन केला, तुझा लागत नाही. ग्रंथालयात शनिवारी कोण उचलणार? त्या तळघराचा नंबर माझ्याकडे नाही.

चाळीस काढायला नको होता.

तुझं पत्र आलं आणि मी चिडलो. मामीला म्हटलं, "एकदा सांगितलं ना, काढ म्हणून. किती चिकित्सा!" ती म्हणाली, "मग सांगून टाका ना कोण होता ते." आणि मला सांगता येईना. खरं तर तो मला मे महिन्यातही आठवला नव्हता. 'चांगला आठवतो' हे मी तुला खोटं लिहिलं. साठ नियम आठवतात आणि एकाच्या जागी नुसतं भोक दिसतं, हे भाचीला कसं लिहायचं, म्हणून लिहिलं.

आज तलावावर गेलो तर पोरांचा हा गोंगाट. शिक्षकांना विचारलं, एकदम इतकी पोरं कुठून आली? म्हणाले, "आजोबा, सोमवारी शाळा उघडतायत. सुट्टीचे शेवटचे दोन दिवस आहेत, धुडगूस घालणारच." मी दोन्ही हातांनी दांडा सोडला. चांगलं पोटभर पाणी प्यालो. पण आठवलं.

पाहुणा म्हणजे अंध मुलांची निवासी शाळा. त्यांच्या श्रवणखोलीतलं पुस्तकं ऐकवणारं जुनं खोकं जुन्याच पोर्टवरून आपल्याकडे येतं. तेव्हाच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, दोन दिवसांत नवी लाइन येते, तोवर आत घ्या. मी घेतलं. नवी लाइन कधी आलीच नाही आणि मीही परत विचारलं नाही. सगळं तोंडी, त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या यादीतही शाळा नाही. तुझी मोजणी शून्य होती, कारण पोरं सुट्टीवर होती!

सोमवारी सकाळी ती पोरं येतील, कानाला लावतील आणि काही ऐकू येणार नाही. तू दिलेला शब्द माझ्यामुळे मोडणार आहे. पत्र मिळताच नियम परत घाल. दोष माझा आहे, बाईंना तसं सांग. माझं नाव घेऊन सांग.

मामा


१५ जून, सोमवार

प्रिय मामा,

फोन ग्रंथालयाच्या खणात विसरले होते. बाईंनी आत्ता पाठवून दिला तेव्हा तुमचे अकरा मिस्ड कॉल दिसले. घाबरून घरी फोन केला, मामीनं घेतला. "सगळं ठीक आहे, ते तलावावर गेलेत. दोन दिवस नुसते चाळीस चाळीस करतायत." तेव्हा जे तुमच्याशी बोलायला धीर झाला नसता ते लिहितेच.

मी तुमच्याशी खोटं बोलले. २१ मेच्या पत्रात 'काढला' असं लिहिलं. काढला नव्हता.

आत्याबाईंवर तुम्ही चार ओळी लिहिल्यात, सत्तावीसवर तीन. चाळीसवर दोनच तुटक वाक्यं, आणि त्यात पाहुण्याचं नाव नाही. तुम्ही नाव विसरला असाल असं मला वाटलं आणि तसं तुम्हाला विचारायची लाज वाटली. दुसरीकडे, अनोळखी माणसासाठी दार उघडं ठेवणं हाही आपल्या कामात गुन्हाच. तीन दिवस डायरीत 'काढावा' आणि 'ठेवावा' असे दोन रकाने भरत बसले. शेवटी तो नियम तिकडच्या फायरवॉलमध्ये नेला, पण आवळून. तो एकच पत्ता, तेच एक पोर्ट, फक्त पुस्तकं ऐकण्यापुरतं, बाकी कशाला हात लावता येणार नाही असं. कोणी आलं की मला कळावं अशी खूणही लावली. बाईंना लेखी कळवलं, की हा कोण आहे ते मला माहीत नाही. त्यांनी खाली लिहिलं, 'बरं. आल्यावर कळेल.' सगळ्यांना खरं सांगितलं, एकट्या तुम्हाला सोडून. तीन आठवडे मला ते टोचत होतं.

आता आजचं ऐका. आठला बदल केला. एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद. काकू ऐकायला आल्या, यादीतले बाकीचे येऊ लागले. नऊ वाजून दहा मिनिटांनी माझी खूण वाजली. नियम ४०. मोजणी एक. मी उभी राहिले. मग चार. मग अकरा. मग आकडा इतका भराभर पळायला लागला की कोणी हल्ला केलाय की काय असं वाटलं. मी त्यांनी कोणती पुस्तकं मागितली ते पाहिलं. चौथीचा भूगोल, दोन वेळा. पाचवीचं गणित, एकदा, आणि तेही अर्ध्या मिनिटात बंद. आणि विहिरीतल्या भुताची गोष्ट, चौतीस वेळा.

हल्लेखोर भुताच्या गोष्टी ऐकत नाहीत. काकूंना फोन लावला. म्हणाल्या, "अगं वेडे, शाळा! आज शाळा उघडली. मी तिथेच शिकले, आम्हीही पहिल्या दिवशी हेच करायचो."

मी शाळेत फोन केला. मुख्याध्यापिकांना म्हटलं, ग्रंथालयातून बोलतेय, आमची वीज बंद आहे, आज तुम्हाला काही अडचण? त्या म्हणाल्या, "कसली वीज? आमचं तर सगळं चालू आहे. मागे गोंधळ ऐकू येतोय ना? भूत आलंय."

मामा, फोन ठेवला आणि तळघराच्या त्या खुर्चीत मी स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या. सगळे ऐकतायत. एकही तुटला नाही.

तुम्हाला खोटं सांगितलं त्याबद्दल रागवा. पण पत्रानं रागवा, म्हणजे जपून ठेवता येईल.

तुमची,
भाची


१९ जून

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि माझं पत्र वाटेत कुठेतरी एकमेकांसमोरून गेली असतील. एक ओरडत, दुसरं गिरक्या घेत. तुझं मी तीनदा वाचलं. मग मामीनं हिसकावून घेतलं आणि भुताचा भाग शेजारणीला वाचून दाखवला.

रागवू कसा? मी आठवतं म्हणून खोटं सांगितलं, तू काढला म्हणून खोटं सांगितलंस. माझं खोटं स्वतःला जपायला, तुझं मला जपायला. माझं मोठं. आणि तुला शंकासुर म्हणून इतकी वर्षं चिडवलं, तेही परत घेतो. चौतीस वेळा परत घेतो.

शाळेच्या बाईंना काल फोन केला. अकरा वर्षांनी का होईना, नव्या लाइनचं विचारलं. त्या अर्ज करतायत. त्यांना ऐकणाऱ्यांच्या यादीत घे, रीतसर.

तुझं काम रविवारी संपेल, सर्व्हर घरी परततील. मग चार दिवस रजा काढून इथे ये. परवापासून मी एक वही घेऊन बसलोय. एकसष्ट नियम, एकेका पानावर एकेक. कोणासाठी, कोणी सांगितलं म्हणून, कधी. थट्टा नाही, सरळ मराठीत. मामी समोर बसते, आणि मी 'मुद्दाम' म्हणायला लागलो की नुसती बघते. साठ आठवतात म्हणालो होतो, पण आजवरचा हिशेब असा, की त्रेचाळीसच पक्के आठवतात. नवांबद्दल खात्री नाही. नऊ अजिबात आठवत नाहीत. त्या नऊ पानांवर मी फक्त 'आठवत नाही' असं लिहिलंय आणि खाली सही केली आहे. पहिल्या सहीला हात अडखळला. नवव्यापर्यंत अक्षर बरं येऊ लागलं.

पहिली बावन्न आपण दोघं मिळून तपासू. शेवटची नऊ तुझी. एकही काढू नकोस. तुझ्या पद्धतीनं आवळ, खूण लाव आणि वाट बघ. आणि ज्या दिवशी त्यातल्या एखाद्या दारात कोणी येऊन उभं राहील, त्या दिवशी मला फोन कर. मीही ऐकायला येईन.

मामा